कालची चौकट

काकूंनी वहीत लिहिलं होतं, ‘आय हॅव सीन युवर फोटो येस्टरडे.’ मी ‘येस्टरडे’खाली लाल रेघ मारली. काकूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, “का गं? काल पाहिलाय ना मी फोटो. तुझ्यासमोरच तर पाहिला.”

पाहिला होता. ओहायोहून नातीचा फोटो आला होता, भोपळ्याचा वेष केलेला, गाल नारिंगी रंगवलेले. काकू तो बोटांनी मोठा करकरून बघत होत्या तेव्हा मी शेजारीच चहा पीत होते. “आजी भोपळ्यात बसून लेकीकडून येते हे माहीत होतं, इथे नातच भोपळा झाली,” असं म्हणून हसल्याही होत्या. म्हणजे वाक्यात खोटं काही नव्हतं. कर्ता ठीक, क्रियापद ठीक, स्पेलिंगसुद्धा ठीक. तरी लाल रेघ.

“‘हॅव सीन’बरोबर ‘येस्टरडे’ चालत नाही,” मी म्हटलं.

“चालत नाही म्हणजे? भांडण आहे का त्यांचं?”

गेली बावीस वर्षं मी इंग्रजी शिकवते. अशा प्रश्नांची उत्तरं तयार असतात, फोडणीच्या डब्यात मोहरी असते तशी. वेळ संपलेली असेल तर सिंपल पास्ट, वेळ अजून चालू असेल तर प्रेझेंट परफेक्ट. मी ते घडाघडा म्हणून दाखवलं. काकूंनी ऐकून घेतलं, आणि भाजीवाल्याला ‘बरं, आता खरा भाव सांग’ म्हणतात त्या सुरात म्हणाल्या, “पण मराठीत चालतं की.”

खरंच चालतं. ‘मी काल फोटो पाहिलाय.’ ‘त्याला मी परवाच सांगितलंय.’ ‘गेल्या वर्षी भिंती रंगवल्या आहेत, यंदा नको.’ आपण दिवसभर असं बोलतो. पूर्ण वर्तमानकाळात काल येतो, परवा येतो, गेलं वर्ष येतं, आणि कुणाच्या कानाला खटकत नाही. बावीस वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण कुणी त्याचं कारण विचारलं नव्हतं. मुलं नियम विचारतात. कारण विचारायला रिकामा वेळ लागतो, आणि तो एकाहत्तराव्या वर्षी मिळतो.

आमचं घर इंदूरच्या लोकमान्यनगरात. सकाळची बॅच वरच्या खोलीत भरते. कुणाला कॅनडाला जायचंय, कुणाला जर्मनीला, कुणाला नुसतं बेंगळुरूलाच, पण मुलाखत इंग्रजीत आहे. घरी कुणी माळवी बोलतं, कुणी हिंदी, दोघंतिघं मराठी. आपसात सगळे एकमेकांचे ‘भिया’. दुपारी चारला मी शेजारी काकूंकडे जाते, कारण त्यांचे गुडघे आमचा जिना चढत नाहीत. डिसेंबरात त्या सहा महिन्यांसाठी मुलाकडे जाणार होत्या. सून तिथलीच, अमेरिकन. “मुलाशी काय, मराठीत बोलेन. पण स्वयंपाकघरात ती आणि मी दोघीच असणार,” काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. “तेव्हा मला कविता नको शिकवूस. जेवलीस का, दमलीस का, पोर झोपली का, एवढं शिकव.”

आता गंमत अशी की ‘जेवलीस का, दमलीस का, झोपली का’ हे बहुतेक सगळं प्रेझेंट परफेक्टच्या अंगणात येतं. हॅव यू ईटन, हॅज शी स्लेप्ट. घरातली विचारपूस म्हणजे हाच काळ. मुलाखतीच्या पुस्तकात हा धडा नववा-दहावा असतो, काकूंसाठी तो पहिला झाला. आणि हा काळ एकटा येत नाही. त्याच्या मागे ऑलरेडी, जस्ट, यट, स्टिल, एव्हर, नेव्हर, सिन्स, फॉर अशी वरातच असते. क्रियाविशेषणं. प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली. ऑलरेडी, जस्ट, एव्हर, नेव्हर हे ‘हॅव’ आणि क्रियापदाच्या मध्ये घुसून बसतात. यट वाक्याच्या शेवटी, दाराशी चपला काढून. स्टिल मात्र ‘हॅव’च्याही आधी येऊन उभा राहतो, कारण त्याला तक्रार करायची असते.

ही शेवटची गोष्ट काकूंना फार आवडली. ‘ही हॅज नॉट कम यट’ म्हणजे नुसतं अजून आला नाही, येईल. ‘ही स्टिल हॅज नॉट कम’ म्हणजे अजून आला नाही! आपल्याकडे दोन्हीला एकच ‘अजून’. काकू म्हणाल्या, “एकच कसा? ऐक.” आणि त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं: “अजून आला नाही.” मग, “अजूऽऽन आला नाही.” दुसऱ्या वेळी ‘जू’ एवढा ताणला की बाहेर अंगणातलं मांजर उठून गेलं. इंग्रजीला जिथे दुसरा शब्द आणि दुसरी जागा लागते, तिथे आपण एक उकार लांबवतो.

पण अजूनचा संसार याहून मोठा आहे. ‘अजून इथेच?’ यात तो स्टिल आहे, ‘अजून जेवलो नाही’ यात यट, आणि ‘अजून एक पोळी घे’ यात तो मोजायला लागतो. सकाळच्या बॅचमधली मराठी मुलं ‘अजून’ दिसला की डोळे मिटून ‘यट’ लावतात आणि आपटतात. हिंदीवाल्यांचं ‘अभी’ तर त्याहून वाईट. आता, आत्ताच, अजून, सगळं अभी. आणि ‘कल’ला तर काल की उद्या याचंही सोयरसुतक नाही. ‘येस्टरडे’शी लग्न लावायचं की ‘टुमॉरो’शी, हे क्रियापद आल्यावर कळतं.

मी काकूंकडून घरी येऊन दर संध्याकाळी आपले मराठी शब्द एका वहीत लिहायला लागले. बावीस वर्षं उलटं करत आले होते, इंग्रजी शब्द लिहून समोर मराठी अर्थ. आता डावीकडे मराठी. पहिलाच शब्द ‘कधीच’, आणि तिथेच मी अर्धा तास बसून राहिले.

‘तो कधीच गेला.’ म्हणजे जाऊन खूप वेळ झाला; आता त्याला गाठायला धावू नकोस. ‘तो कधीच गेला नाही.’ म्हणजे नेव्हर. एक ‘नाही’ शेवटी आला की तोच शब्द फार पूर्वीपासून एकदाही न घडलेल्यापर्यंत उडी मारतो. परक्या माणसाला हे शिकवायचं असेल तर मी काय शिकवेन कोण जाणे. वाक्य संपेपर्यंत वाट बघा, एवढंच. आणि वर ‘कधीची वाट बघतेय’ मधला कधीचा आणखी वेगळा. तो मुलगा असेल तर ‘कधीचा’, मुलगी असेल तर ‘कधीची’. ‘नुकताच’ही तसाच. नुकताच आला, नुकतीच आली, नुकतंच जन्मलं. इंग्रजी जस्ट कोण आला, कोण आली, काही बघत नाही, सगळ्यांना एकच. आपलं क्रियाविशेषण मात्र आलेल्या माणसाकडे वळून बघतं.

‘एवढ्यात’ घ्या. ‘एवढ्यात ती दिसली नाही’ म्हणजे अलीकडे, लेटली. ‘एवढ्यात येते’ म्हणजे लगेच. ‘एवढ्यात निघालात?’ म्हणजे इतक्या लवकर. मागचं, पुढचं आणि आत्ताचं एकाच पिशवीत.

आणि सगळ्यात लाडका सापडला तो ‘पण’. शाळेत पण म्हणजे बट. व्याकरणाच्या तासाला उभयान्वयी अव्यय. पण ‘झाला पण स्वयंपाक?’ मधला पण कुठला? ‘आलास पण?’ मधला? तो चक्क ऑलरेडी आहे, आणि तोसुद्धा वाक्याच्या शेवटी बसणारा, आश्चर्याचा ऑलरेडी. इंग्रजीत ‘हॅव यू ईटन यट?’ म्हणजे साधी चौकशी, आणि ‘हॅव यू ईटन ऑलरेडी?’ म्हणजे एवढ्यात जेवलीस? आपण पहिल्याला ‘जेवलीस का?’ म्हणतो, दुसऱ्याला ‘जेवलीस पण?’ मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं लाटणं पोळपाटावर ठेवलं. “म्हणजे मला ऑलरेडी येतच होतं,” म्हणाल्या.

त्यांच्या सुनेला त्या काय विचारणार याची यादी हळूहळू वाढत होती. ‘पोर कुठे गेली?’ आलं, तेव्हा गॉन आणि बीनचा घोळ निघाला. ‘शी हॅज गॉन टू स्कूल’ म्हणजे शाळेत गेलीय, अजून तिथेच आहे. ‘शी हॅज बीन टू स्कूल’ म्हणजे जाऊन परत आलीय. सकाळच्या मुलांना हे समजवायला मला फळ्यावर बाण काढावे लागतात. काकूंना बाण लागला नाही. “गेलीय आणि जाऊन आलीय,” त्या म्हणाल्या. झालं. आपण तसेही घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. जाऊन येणं हे आपल्यासाठी एकच काम आहे.

एक आमच्या इंदुरी मराठीची कबुलीही देऊन टाकते. आमच्याकडे ‘मी जेवून चुकले’ असं सर्रास म्हणतात, हिंदीतल्या ‘खा चुकी’च्या वळणावर. पुण्याची मावशी पहिल्यांदा राहायला आली होती तेव्हा आईने तिला वाढू नकोस म्हणून सांगितलं, “मी जेवून चुकले.” मावशी काळजीत. “काय चुकलं गं जेवणात?”

काकूंच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या बाजूला, तेलाच्या डागांसकट कालनिर्णय टांगलेलं असतं. नाव बघा. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं तेव्हा त्यांच्या मनात पंचांगाचा काळ होता. मला मात्र त्या महिन्यात ते सारखं ‘काल’चा निर्णय असंच वाचू येत होतं. काकूंचं कालनिर्णय म्हणजे घराचा रोजनामा आहे. तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात: दूध १, दूध १॥, बाई नाही, गॅस लावला, फोन आला. मी तेच खडूफळ्यासारखं वापरलं.

“ही कालची चौकट,” मी बोट ठेवलं. “यात दूध लिहून झालं. आता त्यात काही भरता येणार नाही. बंद. इथे ‘हॅव’ला प्रवेश नाही. ही आजची. दूध आलंय, पण संध्याकाळी पाहुणे आले तर आणखी येईल. चौकट उघडी. इथे ‘हॅव’ बसतो. टुडे, धिस वीक, धिस मंथ, सगळ्या उघड्या चौकटी. बाई या महिन्यात चार दिवस आली नाही, आणि महिना संपायचाय.”

“अजून दोन दांड्या मारेल,” काकू म्हणाल्या.

“म्हणूनच ‘हॅज’. आणि ‘धिस मॉर्निंग’ तर बारापर्यंतच. पावणेबाराला ‘आय हॅव रेड द पेपर धिस मॉर्निंग’ म्हणता येतं. साडेबाराला सकाळ संपली, मग ‘आय रेड’.”

काकूंनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “म्हणजे राहुकाळ बघून बोलायचं!”

त्या दिवसापासून आमच्यात प्रेझेंट परफेक्टचं नाव राहुकाळच पडलं.

पण मराठीत का चालतं, हे उत्तर माझ्याकडे अजूनही नव्हतं. जर्मनीला जाणाऱ्या मुलाने त्यात भर घातली. तो संध्याकाळी जर्मनच्या क्लासलाही जातो. “मॅडम, वहाँ तो चलता है,” तो म्हणाला. जर्मन माणूस ‘मी काल पाहिलं आहे’ खुशाल म्हणतो, तेही ‘हॅव’सारखंच क्रियापद लावून. फ्रेंचही म्हणतात. म्हणजे हेका इंग्रजीचा आहे. भाषाशास्त्रात या हेक्याला ‘प्रेझेंट परफेक्टचं कोडं’ असंच नाव आहे, तेव्हा मला ते एका रात्रीत सुटावं अशी अपेक्षाच नव्हती. मराठीपुरतं मात्र एक धागा हाताला लागला, तो सांगते.

इंग्रजीत हा काळ जन्मला तेव्हा वाक्य असं होतं: माझ्याकडे पत्र आहे, लिहिलेलं. ‘आय हॅव द लेटर रिटन.’ ‘हॅव’ म्हणजे सरळसरळ बाळगणं, आणि ‘रिटन’ हे पत्राचं विशेषण. जुन्या इंग्रजीत ते कधीकधी पत्राप्रमाणे रूपही बदलायचं. मग हळूहळू शब्दांनी जागा बदलल्या, ‘रिटन’ सरकून ‘हॅव’ला चिकटलं, आणि बाळगणं विसरून गेलं. तरी आत कुठेतरी तो मालक आहेच. ‘आय’ आत्ता, या क्षणी, काहीतरी धरून उभा आहे. त्याला काल कसा चालेल?

आता मराठी बघा. ‘मी पत्र लिहिलं आहे.’ ‘मी चिठ्ठी लिहिली आहे.’ ‘मी लेख लिहिला आहे.’ लिहिणारी मीच, तरी क्रियापद माझं ऐकत नाही. पत्राचं, चिठ्ठीचं, लेखाचं ऐकतं. आणि शेवटी ‘आहे’. आपल्याकडे ‘हॅव’ला शब्दच नाही. माझ्याकडे आहे, मला आहे, माझं आहे, सगळीकडे वस्तू असते, आपण बाजूला. तेव्हा ‘मी काल पत्र लिहिलं आहे’ याचा हिशेब असा: काल लिहिलं, ते पत्र आहे. टेबलावर. जा, बघ. कालच्या चौकटीत घडलेली गोष्ट आजच्या चौकटीत पडून आहे, आणि दोन्ही एका वाक्यात मावतात.

हे सगळं मी काकूंना उत्साहाने सांगितलं. माझी छाती जराशी फुगलीही असावी. त्यांनी ऐकलं. “छान आहे,” म्हणाल्या, “पण मग वाक्यातून येस्टरडे काढायचा ना?”

काढायचा. कोडं सुटलं तरी परीक्षेत गुण नियमालाच.

सकाळच्या बॅचचीही अशीच एक जागा आहे जिथे दरवर्षी लाल शाई जाते. इंदूर स्वच्छतेच्या सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग सात वेळा पहिलं आलं, शेवटच्या वेळी सुरतेबरोबर. त्यामुळे ‘इंदोर इज नंबर वन सिन्स २०१७’ हे वाक्य कुणी ना कुणी लिहितंच. अभिमान बरोबर, ‘इज’ चूक. ‘हॅज बीन’ हवं. पुढचा मुलगा लिहितो ‘सिन्स सेव्हन इयर्स’. हा हिंदीतला ‘से’. ‘२०१७ से’ आणि ‘सात साल से’, दोन्हीकडे तोच. मराठीत ही सोय खरं तर आयती आहे. ‘२०१७पासून’ म्हणजे सिन्स. ‘गेली सात वर्षं’ किंवा ‘सात वर्षं झाली’ म्हणजे फॉर. पण इंदुरात आम्हीही ‘सात वर्षांपासून’ म्हणायला लागलो. एव्हरच्या सरावाला ‘हॅव यू एव्हर ईटन भुट्टे का कीस अ‍ॅट सराफा?’ असं विचारलं तर वर्ग हसतो. इंदुरात या प्रश्नाला नेव्हर हे उत्तरच नाही, त्यामुळे उदाहरण बाद.

पुण्याला लग्नाकार्याला गेलं की हमखास कुणीतरी विचारतं, “तुम्ही इंदूरला कधी गेलात?” जणू आम्ही मागच्या मे महिन्यात ट्रंका घेऊन निघालो. मल्हारराव होळकर माळव्यात आले अठराव्या शतकात. १८१८मध्ये मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. आमचे पूर्वज यातल्या कुठल्या टप्प्यावर आले ते घरात कुणाला सांगता येत नाही. ते बखरीत नाव यावं असे कुणी नव्हते, कुठल्याशा दफ्तरात कारकून असावेत. म्हणून मी सांगते, “कधीच.” विचारणारा गोंधळतो. कधीच गेलो, की कधीच गेलो नाही? एकदा एका इंग्रजी बोलणाऱ्या भाच्याने मध्ये पडून भाषांतर केलं, “दे लिव्ह्ड इन इंदोर.” मी जेवता जेवता म्हटलं, “हॅव लिव्ह्ड, बाळा. ‘लिव्ह्ड’ म्हटलंस तर आम्ही निघून गेलो असा अर्थ होतो.” शिक्षकाची खोड, पंगतीतही जात नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी काकूंना मी घरचा अभ्यास दिला होता: घरातल्या माणसांवर पाच वाक्यं, यट आणि नेव्हर वापरून. दुसऱ्या दिवशी वही उघडली. तिसरं वाक्य होतं, ‘माय हजबंड हॅज नॉट गॉट मिल्स मनी यट.’

काका इथल्या एका कापड मिलमध्ये टाइमकीपर होते. मिल बंद पडली आणि कामगारांचे, कर्मचाऱ्यांचे पैसे अडकले. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून भिंतीपलीकडून हे वाक्य ऐकत आलेय. पोस्टमन आला की, वकिलाचा फोन आला की, दिवाळी आली की: ‘मिलचे पैसे अजून आले नाहीत.’ काका ते चिडून म्हणत नसत. स्टिल नव्हे, यट. येतील. पैसे आले ते काका गेल्यानंतर. ओहायोचं तिकीट त्याच पैशातून काढलेलं.

वाक्यात जागेची चूक नव्हती, यट बरोबर शेवटी होता. पण हा काळ गेलेल्या माणसाला लागत नाही. ‘हॅज नॉट’ म्हणायला त्या माणसाची चौकट उघडी लागते. नेव्हर, यट, सगळ्यांनाच ती लागते. हयात असेल तर ‘हॅज नेव्हर’, नसेल तर ‘नेव्हर गॉट’. हे मी मुलांना दहा सेकंदांत सांगते आणि पुढे जाते. त्या दिवशी लाल पेनचं टोपण उघडलं आणि परत लावलं.

काकू बघत होत्या. “चुकलंय का?”

“काळ बदलावा लागेल, काकू. काका...”

“हां.” त्यांनी माझ्या हातातून पेन घेतला, ‘हॅज नॉट गॉट’वर रेघ मारली, वर ‘नेव्हर गॉट’ लिहिलं, आणि मग यटवर पेन थांबला. “हा पण जाणार?”

“हो. तोही.”

त्यांनी यट खोडला. मग खाली चौथ्या वाक्यावर बोट ठेवलं: ‘आय हॅव नेव्हर सीन स्नो.’ “आणि हे?”

“ते बरोबर आहे.”

“मग याच्यापुढे लावू तो यट? वाया कशाला घालवायचा.”

नेव्हर असताना शेवटी यट लावत नाहीत, असं मी सांगणार होते. नाही सांगितलं. काकूंनी तो लावला आणि वही मिटली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गेल्या. जाताना घराची किल्ली, तुळशीचं पाणी आणि चिवड्याचा डबा माझ्या ताब्यात देऊन गेल्या. बॅगेत जिरावनच्या दोन पुड्या, कारण पोहे तिकडे मिळतील पण त्यावर भुरभुरायला काय मिळणार.

पहिला फोन तक्रारीचा होता. “तू मला चुकीचं शिकवलंस.” झालं असं होतं, काकूंनी सुनेला व्यवस्थित, राहुकाळ पाळून विचारलं, “हॅव यू ईटन यट?” आणि ती म्हणाली, “आय ऑलरेडी एट.” ना हॅव, ना ईटन. काकूंना वाटलं सून घाईत बोलली असेल. पण मग तिची आई आली, तिनेही विचारलं, “डिड यू ईट?” शेवटी नातीनेही, “आय जस्ट एट.” आता अख्खं घर चूक आणि लोकमान्यनगर बरोबर, असं कसं? मला सांगावं लागलं की आमच्या पुस्तकातलं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं. अमेरिकेत ऑलरेडी, जस्ट, यट यांच्याबरोबर साधा भूतकाळ सर्रास चालतो, आणि ते चूक नाही. काकू जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, “जेवली का, जेवले. आपल्यासारखंच की मग. तू उगाच महिनाभर राहुकाळ करायला लावलास.”

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ‘जेवलीस का?’ यात तरी ‘आहे’ कुठे असतो?

काल-परवापर्यंत मी रोज त्यांच्या स्वयंपाकघरातून तुळशीसाठी पाणी नेताना त्या कालनिर्णयाकडे बघत होते. पान डिसेंबरचंच होतं. त्या निघाल्या त्या तारखेपर्यंत दुधाचे आकडे, पुढे चौकटी कोऱ्या. जानेवारी लागल्यावर मी नवं आणून त्याच खिळ्याला टांगलं, आणि सवय मोडू नये म्हणून पहिल्या चौकटीत ‘तुळस’ असं लिहिलं.

आज सकाळी सातला फोन वाजला. खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत उभी होती, हे ओला-सुका डबा घेऊन जिन्यात, आणि फोनवर काकू ओरडून बोलत होत्या, एवढ्या लांबून बोलायचं म्हणजे ओरडलंच पाहिजे अशी त्यांची समजूत. “ऐक! इंग्रजीत सांगते. टुडे आय हॅव सीन स्नो!”

“वा! बरोबर,” मी म्हटलं.

“दुपारपासून पडतोय. पोरीने मला अंगणात नेलं. हातात घेतला, गं. आवाजच येत नाही त्याचा.”

त्यांच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते, आदल्या तारखेचे. त्यांचा टुडे अजून साडेतीन तास उघडा होता. माझ्याकडे मात्र तारीख उलटलेली; त्यांची ती दुपार माझ्या कालनिर्णयात कालच्या चौकटीत जाऊन पडली होती. तेच वाक्य मी सकाळच्या बॅचला जसंच्या तसं सांगितलं असतं, तर पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला असता.

हे रिकामे डबे घेऊन वर आले. मी पोह्यांवर शेव घालत होते.

“काकूंनी काल बर्फ पाहिलाय,” मी सांगितलं.

ह्यांनी डबे खाली ठेवले. “पाहिला पण?”